गव्हाणीजवळचे मूल

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवणे, हा प्रश्न महाराष्ट्रात जेवढा धर्मशास्त्राचा आहे तेवढाच तो भाषेचा आणि शेजाराचाही आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी भरली, आणि ही वस्ती सर्वत्र सारखी पसरलेली नाही. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील अनेक गावांत चर्च हे गावाचे मध्यवर्ती ठिकाण असते. तेथील मूल शाळेत ज्यांच्या शेजारी बसते त्यांतील अनेकांना रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, पुन्हा भेटते, आणि श्रद्धा त्याच्यापर्यंत बोलीतून, सणांतून, नातलगांतून आपसूक पोहोचते. याच्या उलट ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर या पूर्वेकडील तालुक्यांत एखाद्या शिक्षकाचे, परिचारिकेचे, औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे किंवा आदिवासी शेतकऱ्याचे घर ख्रिस्ती असले, तर त्या घरच्या मुलाला गावात समधर्मी सवंगडी मिळेलच असे नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा गावाचे वर्ष पौषातील म्हसोबाच्या यात्रेभोवती आणि तिच्याबरोबर भरणाऱ्या गुरांच्या बाजाराभोवती फिरते. तेथे ईस्टर कधी आला आणि कधी गेला हे शेजाऱ्याला कळतही नाही. म्हणूनच श्रद्धेचे संगोपन समजून घेण्यासाठी वसईपेक्षा म्हसा अधिक उपयोगी आहे, कारण आजूबाजूचे वातावरण जेथे या बाबतीत काहीच शिकवत नाही तेथे घर काय शिकवते हे उघड दिसते.

मुरबाडच्या या परिसराला ख्रिस्ती धर्म अगदी अनोळखी आहे असेही नाही. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लूस्टेस या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ या बंदरात इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली असून ते ठिकाण सामान्यतः कल्याण मानले जाते, आणि कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरकडे चढणारी प्राचीन व्यापारी वाट मुरबाड तालुक्यातूनच जाते. मात्र त्या वस्तीचा धागा आजच्या ख्रिस्ती समाजापर्यंत अखंड आलेला नाही. बिशप बाहेरून नेमून आणता येतो, पण पुढची पिढी घरातच घडवावी लागते, आणि जेथे ती घडत नाही तेथे एखाद्या प्रवासवर्णनातील ओळीपलीकडे काही उरत नाही.

मराठीत ‘संस्कार’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो: एक विधी आणि दुसरे वळण. मराठी ख्रिस्ती समाजाने हे दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. कॅथलिक परंपरेत एकूण सात संस्कार, म्हणजे देवाच्या कृपेची दृश्य चिन्हे मानलेले विधी आहेत, आणि त्यांतील काहींचा बालपणाशी थेट संबंध येतो. जन्मानंतर लवकरच होणारा स्नानसंस्कार किंवा बाप्तिस्मा हा त्यांतील पहिला होय. त्या वेळी बाळाच्या वतीने आईवडील आणि त्याचे धर्मपिता व धर्ममाता, म्हणजे त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे दोघे, वचन देतात. पुढे प्राथमिक शाळेच्या वयात मुलाला पापनिवेदन शिकवले जाते आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजेच कम्युनियन, दिला जातो. दहावे पायस या पोपनी १९१० मध्ये हे वय खाली आणून ‘विवेकाचे वय’, म्हणजे साधारण सात वर्षे, हा निकष ठरवून दिला. त्यानंतर येणारे दृढीकरण हे बाप्तिस्म्याच्या वेळी सुरू झालेले काम पुरे करणारा विधी होय.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत चित्र वेगवेगळे आहे. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत व पुढे अहमदनगर भागात काम केले, त्याच्या परंपरेत ख्रिस्ती आईवडिलांच्या बाळाला बाप्तिस्मा दिला जाई. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र बाळाचे केवळ समर्पण करतात, म्हणजे त्याला देवासमोर आणून आशीर्वाद मागतात, आणि बाप्तिस्म्याचा निर्णय त्याने कळत्या वयात स्वतः घ्यावा असे मानतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा त्यात दोन्ही मतांचे लोक असल्यामुळे दोन्ही पद्धतींना मान्यता द्यावी लागली. ही तडजोड वरवर कारभाराची दिसत असली तरी या विषयाचा गाभा तिच्यात आहे, कारण श्रद्धा ही मुलाला वारशाने मिळणारी वस्तू आहे की त्याने स्वतः निवडायची गोष्ट आहे, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने कधीच एकेरी उत्तर दिलेले नाही. बाळाला बाप्तिस्मा देणारेही पुढे दृढीकरणाच्या वेळी त्याला स्वतःच्या तोंडाने होकार द्यायला लावतात, आणि न देणारेही त्याला पाळण्यापासून प्रार्थनेत घेऊन बसतात.

पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएली लोकांना सांगितलेली पद्धत तर शाळेची नाहीच. देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना सांगाव्यात असे तेथे म्हटले आहे. रविवारची शाळा, जिला मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या शब्बाथ शाळा म्हणतात, ही त्या मानाने अगदी अलीकडची व्यवस्था आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना निदान रविवारी वाचायला शिकवावे म्हणून जी शाळा सुरू केली तिच्यापासून या चळवळीने जोर धरला, आणि मिशनऱ्यांबरोबर ती महाराष्ट्रात आली. ती उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु आठवड्यातील एक तास शास्त्राने सांगितलेल्या उठण्याबसण्याची, वाटचालीची आणि निजण्याची जागा घेऊ शकत नाही.

मराठीतून हे शिक्षण कसे द्यावे याचा पहिला मोठा विचार एका इंग्रज माणसाने केला. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघी धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तेथील साष्टी प्रदेशात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले; जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी योजलेला प्रसंग या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि प्रश्नोत्तरांची ही शिकवण चांगली असली तरी पूर्वीच्या पुराणांच्या जागी काही पुराण हवे, अशी विनंती करतो. त्या विनंतीतून ग्रंथ उभा राहतो. याच स्टीफन्स यांनी कोकणीत ‘दौत्रिन क्रिस्तां’ हे धर्मशिक्षणाचे पुस्तकही रचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची मांडणी गुरुशिष्यांच्या सवालजबाबाची आहे. म्हणजे एकाच लेखकाने मुलासाठी दोन गोष्टी तयार केल्या: पाठ करायचे उत्तर आणि ऐकायची कथा. उत्तराने सिद्धान्ताचा अर्थ कळतो. पण मूल घरी जाऊन आजीला सांगते ती कथा. स्टीफन्स यांना हा फरक उमगला होता, हे त्यांचे मोठेपण त्यांच्या भाषाप्रेमाइतकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्यानंतर पोर्तुगीज सत्तेला मात्र तो उमगला नाही. १६८४ मध्ये विजरईने लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. तरीही ख्रिस्तपुराणाची हस्तलिखिते कुटुंबांनी जपली, आणि छापील जुनी प्रत एकही हाती नसताना १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी त्या हस्तलिखितांवरून नवी आवृत्ती काढली. सत्तेने नाकारलेले पुस्तक घरांनी सांभाळले, हे येथे विसरता येणार नाही.

परंतु मुलाच्या धर्मसंगोपनावर एखाद्या मराठी पालकाने केलेला सर्वांत धारदार विचार पाहायचा असेल, तर पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांच्याकडेच वळावे लागते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना भल्या पहाटे उठवून भागवताचे श्लोक तोंडी शिकवले. पुढे ज्या विद्वत्तेसाठी कलकत्त्यात रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या तिचा पाया असा आईजवळ घातला गेला होता. मूल धर्म शिकते ते आईच्या आवाजातून, हे रमाबाईंना कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या अकाली निधनानंतर रमाबाई १८८३ मध्ये तान्ह्या वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील मठात, ज्याच्या भगिनी पुण्यातही काम करत होत्या, राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत व शिकवत असताना मनोरमा बराच काळ मठातील भगिनींच्या देखरेखीखाली राहिली, आणि रमाबाईंच्या ‘आध्यात्मिक माता’ मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी तिच्या वाढीवरून वाद सुरू झाला. हा पत्रव्यवहार जेराल्डीन यांनीच जमवून ठेवल्यामुळे आणि तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाल्यामुळे आज वाचायला मिळतो, आणि तो वाचताना एका पोरक्या विधवेचा नव्हे, तर स्वतःच्या मुलीच्या मनाची राखण करणाऱ्या आईचा आवाज ऐकू येतो.

वादाचे विषय वरवर किरकोळ होते. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा रमाबाईंनी विचारले की अक्षरे कोरायचीच असतील तर ती संस्कृत का नसावीत. लॅटिन ही ख्रिस्ताची भाषा नव्हती आणि हिंदी लोकांचीही नाही, मग देवाशी तिचेच काय विशेष नाते? अन्नाच्या बाबतीत त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही आणि ती हट्टी अहंता आहे हा आरोप सोसला. मात्र मनोरमेच्या बाबतीत त्यांची भूमिका याहूनही ठाम होती. मुलीने आपल्या देशबांधवांवर त्यांच्यातलीच एक म्हणून प्रेम करावे, त्यांच्याहून वेगळी किंवा वरची समजून नव्हे, आणि आपण हिंदुस्थानची लेक आहोत हे सांगताना तिला कमीपणा वाटू नये, असे त्यांनी स्पष्ट कळवले. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपण आपल्या सदसद्विवेकाची किल्ली कुणाच्या हाती दिलेली नाही, हे रमाबाई स्वतःबद्दल जसे बजावत होत्या, तसे मुलीच्या धार्मिक शिक्षणाचा शेवटचा निर्णय आईचा आहे हेही त्या सोडायला तयार नव्हत्या.

जेराल्डीन यांच्या बाजूलाही प्रामाणिक काळजी होती, कारण त्यांच्या समजुतीनुसार चर्चच्या शिकवणीतील एक दगड काढला तर भिंतच खचते आणि मूल उघड्यावर पडते. परंतु न्याय रमाबाईंच्याच पदरात टाकावा लागतो. श्रद्धा आणि ती जिच्यातून आली ती संस्कृती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मुलाला पहिली देताना दुसरीही गळ्यात बांधली तर ते मूल स्वतःच्या माणसांत परके होते, हे त्यांनी वयाच्या पंचविशीत ओळखले होते. मनोरमा हे नाव बाप्तिस्म्यानंतरही मनोरमाच राहिले, यातही तो निर्धार दिसतो. पुढे इंग्लंड, भारत आणि अमेरिका अशा तीन ठिकाणी शिकून मनोरमा परतल्या त्या मराठी मुलींच्या शाळेत आईच्या सहकारी म्हणून, आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी काही महिने, त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

याच रमाबाईंवर काही वर्षांनी उलटी बाजू सांभाळण्याची वेळ आली, आणि या विषयावर लिहिताना ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात हलवलेले शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे धर्मांतराचा आग्रह धरला जाणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या, ‘केसरी’तून टीका झाली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या धर्माप्रमाणे पूजा करणाऱ्या मुलीला जी मोकळीक आहे तीच प्रार्थनेला येऊन बसणाऱ्या मुलीला असावी, हे रमाबाईंचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ज्या पालकांनी विश्वासाने मुलगी सोपवली त्यांची तक्रार आणि दहा वर्षांपूर्वी वॉन्टेजला पत्रे लिहिणाऱ्या आईची तक्रार यांत जातीचा फरक नाही: दोन्ही ठिकाणी मूल दुसऱ्याच्या घरात होते, आणि त्याच्या श्रद्धेवर हक्क कुणाचा हा प्रश्न होता. उघडे दार हे आमंत्रण आहे की केवळ उघडे दार, हे आत बसलेल्याला आणि बाहेर उभ्या असलेल्याला वेगवेगळे दिसणारच.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने या भांडणातून एक वाट काढली आहे. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीवाचून, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तर मुलाच्या स्वतःच्या विचारस्वातंत्र्याचा आणि त्याला वाढत्या समजेप्रमाणे मार्ग दाखवण्याच्या पालकांच्या हक्काचा एकत्र उल्लेख आहे. म्हसा किंवा शहापूरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या ख्रिस्ती मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: शाळा त्याला ख्रिस्ती करणार नाही, आणि अन्य काही करण्याचाही तिला अधिकार नाही, जे काही द्यायचे ते घराने आणि मंडळीने द्यायचे.

मराठी घराने ते कसे दिले याचा एक सुंदर नमुना रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात सापडतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी घेतला नाही; अनेक वर्षांचा दुरावा, मग एकत्र राहणे, आणि शेवटी १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा स्वतःच्या विचाराने झालेला बाप्तिस्मा, हा सारा प्रवास ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी अशा मोकळेपणाने लिहिला आहे की धर्मांतरासारखा जड विषयही घरगुती होऊन जातो. मुलगा दत्तू म्हणजे देवदत्त याच्यासमोर एकाच वेळी दोन धर्म नांदत होते, आणि पुढे घरात आलेली पोरकी मुलेही त्याच वातावरणात वाढली. त्या घरात ख्रिस्त आला तो अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या वाटेने. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची जी प्रथा रुळवली होती तिला टिळकांच्या काव्याने उंची दिली. आजही महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट उपासनेत त्यांची पदे गायिली जातात, आणि लिहिता न येणारी म्हातारी व शाळेत न गेलेले मूल त्यांतली शिकवण एकाच वेळी शिकतात. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ आणि १८७३ पासून खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ चालवला, त्यामुळे मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासातही या धर्मशिक्षणाचे एक पान आहे.

या तुलनेत आज धोका कोठे आहे, हे सांगायला हवे. वसईच्या कॅथलिक घरांत दिवेलागणीनंतर सारे कुटुंब एकत्र बसून रोझरी, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याची चाल पिढ्यानपिढ्या आहे, आणि १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील मिस्सेला वाट मोकळी करून दिल्यानंतर चर्चमध्येही मराठी आली. १९५५ पासून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा तुकोबांवरील अभ्यास, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ही सारी त्याच मराठी वाटेवरची कामे आहेत. परंतु मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली तशी अनेक घरांत प्रार्थनेचीही भाषा बदलली. मूल आजीशी सामवेदी किंवा वाडवळी बोलीत भांडते, मराठीत क्रिकेट खेळते आणि देवाशी मात्र इंग्रजीत बोलते, तेव्हा देव हा रविवारच्या कपड्यांसारखा वेगळ्या कपाटात जातो. इंग्रजी शिकू नये असे कुणी म्हणणार नाही. तथापि रमाबाईंनी लॅटिन क्रूसाबद्दल विचारलेला प्रश्न आज इंग्रजी प्रार्थनेबद्दल विचारायला हवा, आणि तो विचारण्याचा अधिकार आता आपल्याच घरातील आजीआजोबांना आहे.

मुरबाड आणि शहापूरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांत एखादे कुटुंब ख्रिस्ती असेल तर आणखी एक व्यवहाराची गोष्ट त्याला माहीत असायला हवी, कारण ती मुलाच्या कागदपत्रांशी निगडित आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध यांनाच मिळतो आणि ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीच्या बाबतीत मात्र धर्माची अट नाही, त्यामुळे आदिवासी मूल ख्रिस्ती असले तरी कायद्याने आदिवासीच राहते. हा फरक अनेक पालकांना कुणी समजावून सांगत नाही, आणि मग दाखल्यावर धर्म काय लिहावा या भीतीपोटी मुलाला घरी एक व शाळेत दुसरेच सांगायला शिकवले जाते. ज्या श्रद्धेत सत्य बोलणे ही पहिली शिकवण आहे, तिचे संगोपन लपवाछपवीने सुरू व्हावे यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

आता म्हशाच्या यात्रेकडे वळावे. यात्रेला सारे गाव जाते, शाळेतील सवंगडी जातात, पाळणे लागतात, घोंगड्या आणि खेळणी विकायला येतात, आणि ख्रिस्ती घरातील मूल विचारते की आपण जायचे का, आणि कुणी प्रसाद दिला तर खायचा का. या प्रश्नाला मंडळ्या एकच उत्तर देत नाहीत. काही जण प्रसाद पूर्ण वर्ज्य मानतात, काही जण शेजाऱ्याचे मन राखणे महत्त्वाचे समजतात. मात्र प्रश्न जुना आहे हे पालकांनी ध्यानात घ्यावे. करिंथ शहरातील पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांना मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल हाच पेच पडला होता आणि पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, मूर्ती ही काही नव्हे, परंतु आपल्या मोकळेपणामुळे दुर्बळ मनाच्या बंधूला ठेच लागू नये, अशा दोन्ही बाजू तोलल्या आहेत. मुलाला नुसते ‘खाऊ नकोस’ किंवा ‘खा’ असे सांगण्यापेक्षा हा तोल त्याच्यासमोर उलगडून सांगितला, तर त्याला नियमाबरोबर त्याचे कारणही मिळते, आणि प्रसाद देणाऱ्या काकूंचा अपमान न करता आपले मत सांगण्याची रीतही मिळते. जी श्रद्धा शेजाऱ्याला तुच्छ लेखायला शिकवते ती मुलाला एकटे पाडते, आणि मग मोठेपणी ते मूल एकतर शेजार सोडते किंवा श्रद्धा.

या मुलाजवळ एक संपत्तीही आहे, जी शहरातील ख्रिस्ती मुलाजवळ नाही. लूकच्या शुभवर्तमानात मरियेने आपल्या नवजात बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले असे सांगितले आहे, आणि ती बातमी सर्वांत आधी रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळते. मुंबईतल्या मुलाला गव्हाण म्हणजे काय हे पुठ्ठ्याच्या देखाव्यावरून समजावून द्यावे लागते. नाताळच्या आधी वाटीत धान्य रुजवून तो देखावा हिरवा करण्याची रीत गोड असली तरी ती आठवणच असते. म्हशाच्या मुलाला मात्र गव्हाणीतला कडबा, गोठ्यातला वास, थंडीत गुरांच्या अंगाची ऊब आणि बाजारात रात्रभर जागणारे राखणदार हे सारे ठाऊक असते. नाताळ झाल्यावर काही दिवसांनी पौष पौर्णिमेच्या सुमारास बाजारतळावर जनावरांच्या रांगा लागतात, आणि त्या रांगांतून चालताना बाप मुलाला तो जन्म कोठे झाला हे बोटाने दाखवू शकतो. मराठी शुभवर्तमानात जो ‘गव्हाण’ हा शब्द आला आहे, तोच त्या वेळी समोरच्या लाकडी गव्हाणीलाही लागू पडत असतो.